अकरावीचा वर्ग वाचवायला पुण्याला गेले तेव्हा

आमच्या पळसटोल्याहून पुण्याला गेलेली माणसं आहेत, पण ती परत येऊन काही सांगत नाहीत. दिवाळीला येतात, नवे बूट घालून पानठेल्यापाशी उभी राहतात, आणि कसं आहे पुणं असं विचारलं तर म्हणतात, ‘चांगलं आहे.’ एवढ्यावरून आपण काय समजायचं? म्हणून मी लिहिते आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा आठवीची शाळा नदीपलीकडे होती आणि पावसाळ्यात डोंगा बंद असायचा, तिथेच ते थांबलं. शुद्धलेखन मेश्राम गुरुजींनी तपासलं आहे. बाकी सगळं माझं.

मेश्राम गुरुजी म्हणजे आमच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. मी त्या शाळेत खिचडी शिजवते, आणि अकरा वाजले की हात धुऊन अकरावीच्या वर्गातला टीव्ही लावते. हा टीव्ही करमणुकीचा नाही. गोंदिया जिल्ह्याच्या आमच्या कोपऱ्यात गणिताचा आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक यायला तयार होत नाही. आला तरी टिकत नाही. अशा शाळा राज्यभर आहेत. त्यांच्यासाठी पुण्यात एका स्टुडिओत शिक्षक उभा राहतो, शिकवतो, आणि ते उपग्रहावरून आमच्या छपरावरच्या छत्रीत उतरतं. शंका असेल तर वर्गातल्या फोनवरून विचारायची, सर तिथून लगेच उत्तर देणार. असा आमच्या गावात अकरावी सायन्सचा वर्ग सुरू झाला. त्यात मुलीच जास्त. तालुक्याला पाठवायचं म्हटलं असतं तर त्यांच्यातल्या निम्म्या घरीच बसल्या असत्या. हे मी दुसऱ्या कोणाचं ऐकून सांगत नाही.

आणि मग पुण्याचं पत्र आलं. ‘आपल्या केंद्राकडून वर्षभरात काहीही प्रतिसाद नाही. जूनपासून केंद्र बंद करण्याचा विचार आहे.’ म्हणजे मुलींची अकरावी होणार आणि बारावी नाही.

गुरुजी म्हणाले, ‘पत्राला पत्र पाठवून हे व्हायचं नाही. कोणीतरी तोंड दाखवलं पाहिजे. माझ्याकडे दहावीची परीक्षा आहे. सुमन, तू जा.’

‘मी? सातवी शिकलेली?’

‘तिथं तुले गणित थोडंच सोडवायचं आहे! सगळे पाठ तूच तर मागच्या बाकावर बसून पाहते.’

टीव्ही सांभाळायला कोणीतरी लागतं म्हणून मी बसत होते. पण ते खरंच होतं.

वारजे

रेल्वेचं काही सांगत नाही. सगळ्यांना बसायला जागा आणि खिडकी हवी असते, एवढंच त्यात आहे. पुण्यात माझ्या बहिणीचा मुलगा मंगेश राहतो. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. शहराच्या पश्चिमेच्या टोकाला, वारज्यात त्याचा फ्लॅट. चौथ्या मजल्यावरून बघितलं तर एक इमारत, एक ज्वारीचं शेत, मग पुन्हा इमारत, आणि मध्येच अर्धा खणलेला खड्डा. गाव जाऊन शहर येताना कसं दिसतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

मंगेशला कामाचं सांगितलं. तो म्हणाला, ‘मावशी, एक ईमेल टाकला असता ना, काम झालं असतं. तू एवढी ट्रॅव्हल करून काहून आली?’

‘ईमेलले तोंड असते का?’

तो हसला. मग म्हणाला, ‘एक सांगू? इथले लोक स्ट्रेट बोलतात. मनावर घेऊ नको. आणि तूपण स्ट्रेट बोल.’ बोलता बोलता तो गळ्यातलं कंपनीचं कार्ड नीट करत होता. हाच मंगेश दहावीनंतर नागपूरच्या वसतिगृहात जाऊन रडत होता, आणि बहीण दर रविवारी चिवडा घेऊन धावत होती. त्याला शिकायला घर सोडावं लागलं, आणि आता घर इतकं लांब राहिलं. मी हे त्याला बोलले नाही. त्यानं माझ्यासाठी सुट्टी मागितली होती, मिळाली नाही, म्हणून आधीच त्याचा जीव खाली-वर होत होता.

सकाळी तो कंपनीच्या बसनं गेला आणि मी खाली उतरले. पार्किंगमध्ये एका नव्या मोटारीच्या शेजारी दोन म्हशी बांधलेल्या. एक बाई धार काढत होती. माझ्या बघण्याला तिनंच आधी उत्तर दिलं, ‘ह्यो सगळा पट्टा आमचाच हाय. वर फ्लॅट, खाली म्हशी. बिल्डरकडनं तसंच लिवून घेतलंय. तुम्ही कुठल्या?’

‘गोंदिया जिल्ह्यातली.’

‘ते कुठं आलं?’

‘नागपूरच्या पलीकडे.’

‘नागपूरच्या बी पलीकडं?’ तिचा हात थांबला. ‘मग मराठी कशी काय येती तुमाला?’

मी म्हटलं, ‘तुम्हाला येते तशीच.’ ती इतकी हसली की म्हैस बाजूला सरकली. मग तिनं मला स्टुडिओ आहे त्या सदाशिव पेठेकडे जाणारी बस कुठून मिळते ते दाखवलं, आणि पुढे जाऊन कंडक्टरला माझ्यासाठी दमही दिला, ‘पाव्हणी हाय, नीट उतरीव.’

कसबा पेठ

कंडक्टरनं नीट उतरवलं नाही. त्याचा दोष नाही. गर्दीत मी मागे राहिले आणि तो पुढे. शेवटच्या थांब्याला महापालिकेपाशी गाडी रिकामी झाली तेव्हा कळलं की माझा थांबा केव्हाच गेला. नदीवरचा पूल ओलांडून चालत सुटले. मला वाटलं, नदीपलीकडे काहीतरी ओळखीचं असेल. लागली कसबा पेठ.

तिथल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला पाठ लावायची. एका गल्लीत ठण्‌ ठण्‌ आवाज. तांब्याचे हंडे घडवणारे समोरासमोर बसून ठोकत होते, आणि गंमत म्हणजे एकाचा घाव दुसऱ्याच्या घावावर पडत नव्हता. मी तिथे वेळ विसरून उभी राहिले. आमच्याकडे धान कांडताना दोन बायका असंच करतात.

मग पत्ता विचारायची पाळी आली. एका दुकानात पांढऱ्या बनियनमधले आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. मी विचारलं, ‘भाऊ, सदाशिव पेठ कोणीकडे जी?’

त्यांनी पेपर खाली केला नाही. ‘सरळ जा. मोठा रस्ता लागेल. तो ओलांडा.’

‘मग?’

‘मग दुसऱ्या कुणाला तरी विचारा. सगळं मीच सांगितलं तर बाकीचे काय करतील?’

राग यायला हवा होता, पण मंगेशचं आठवलं. आणि खरं सांगते, आजोबांनी सांगितलेलं अगदी बरोबर निघालं. आमच्याकडे माणूस दहा मिनिटं गोड बोलेल, पाणी पाजेल, तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी करेल आणि चुकीच्या रस्त्याला लावून देईल.

वाटेत एका खानावळीत जेवले. पोळी, भाजी, आमटी, चटणी, सगळं आलं. भाताची मी वाट बघत राहिले. शेवटी आला तो वाटीनं उपडा केलेला, लहान मुलाच्या मुठीएवढा, वर पिवळं वरण आणि तुपाचा थेंब. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. आमच्याकडे भात म्हणजे जेवण, आणि बाकीचं त्याच्या सोबतीला. मी त्या ढिगाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. पण चव, बाई, चव अशी की मी शेवटचं शीतही सोडलं नाही.

सदाशिव पेठ

स्टुडिओ एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर होता. खाली क्लासच्या पाट्या, सायकली, स्कूटरी, हातात वह्या घेतलेली पोरं. या मजल्यावरून आमच्या वर्गात दररोज माणूस बोलतो, हे माहीत होतं. पण जिना चढून तिथे जाता येतं, असं कधी मनात आलं नव्हतं.

आत भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आणि फळ्यापाशी प्रत्यक्ष मोडक सर! गणिताचे आमचे सर. टीव्हीत केवढे उंच दिसतात, आणि इथे बघते तर माझ्या खांद्याला लागतील एवढे. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचावा म्हणून ते एका लाकडी पाटावर उभे राहतात. मी पदर डोक्यावर घेऊन वाकले तर म्हणाले, ‘अहो, काय करताय? मी फक्त गणित शिकवतो.’

कार्यक्रमाच्या प्रमुख निंबाळकर मॅडम. केस आखूड, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी मला समोर बसवलं. आमचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे त्यांच्याच हातात. पहिलाच प्रश्न: ‘चहा घेणार?’

चालून चालून घशाला कोरड पडली होती. मी म्हटलं, ‘नाही जी, राहू द्या.’

‘बरं,’ मॅडम म्हणाल्या, आणि दाराकडे वळून ऑर्डर दिली, ‘दोन चहा.’

दोन आले. एक मॅडमनी घेतला, एक सरांनी. माझ्या समोर प्यायले. मी त्या वाफेकडे बघत बसले. मला वाटत होतं, आता म्हणतील, अहो घ्या हो थोडा. कोणी म्हणालं नाही.

मॅडम बोलायला लागल्या. बोलणं कडक, पण खोटं नव्हतं. ‘हे बघा, उपग्रहाची वेळ आम्हाला मोजून मिळते. दुसरे जिल्हे रांगेत आहेत. त्यांच्याकडेही शिक्षक नाहीत. सर प्रत्येक पाठात थांबतात, विचारतात, कुणाला शंका आहेत का. बाकीच्या बहुतेक केंद्रांतून फोन येतात. तुमच्याकडून वर्षभरात एकही नाही. आम्ही काय समजायचं? तिथे कुणी बसतंय की नाही?’

‘बसतात जी. सर दिसले की सगळे उभे राहून नमस्ते म्हणतात. सर बसा म्हणत नाहीत, म्हणून मी म्हणते, तेव्हा बसतात.’

सरांचा कप अर्ध्यात थांबला. ‘उभे राहतात? टीव्हीसमोर?’

‘सर आल्यावर बसून राहायचं का?’

मॅडम म्हणाल्या, ‘ते ठीक आहे. पण शंका का विचारत नाहीत? आम्ही विचारतो, ते काही बोलत नाहीत. म्हणजे नको आहे, असाच अर्थ ना?’

मी त्यांच्या रिकाम्या कपाकडे बघितलं, आणि एकदम डोक्यात उजेड पडला. कसं सांगावं कळेना, म्हणून जसं आलं तसं बोलले, ‘मॅडम, मला चहा पाहिजे होता.’

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

‘तुम्ही विचारलं, मी नाही म्हटलं. आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हणत नाहीत. हावरट दिसते. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. यजमान तिसऱ्यांदा म्हणतो, मग घ्यायचं. सर एकदाच विचारतात, कुणाला शंका आहेत का? आमच्या पोरी मान हलवतात, नाही सर. तिसऱ्यांदा विचारायची वाट बघतात. आणि सर तोवर पुढच्या उदाहरणावर.’

मग मोडक सर म्हणाले, ‘म्हणजे मी वर्षभर यांना उपाशी उठवतोय.’ लगेच पुढे, नेहमीच्या सुरात, ‘पण बाई, मी गणिताचा मास्तर आहे. पंगतीत वाढायला नाही नेमलेलं मला.’

‘थोडं वाढून बघा ना जी,’ मी म्हटलं. कुठून एवढं धैर्य आलं कोण जाणे.

मॅडमनी आधी दाराकडे बघून तिसरा चहा सांगितला. मला परत विचारलं नाही. मग म्हणाल्या, ‘उद्या अकराचा पाठ आहे. सर तुमच्या पद्धतीनं विचारतील. तुम्ही इथे बसा. पण गावाला फोन करून काही कळवायचं नाही. पढवलेले प्रश्न मला नकोत. खरी शंका आली तर केंद्र राहील. नाही आली तर मला दुसऱ्या कुणाला तरी ती वेळ द्यावी लागेल.’

मला हे न्यायाचं वाटलं. पण त्या रात्री मंगेशनं केलेली पावभाजी खाताना माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. मुलींना शंका असतात हे मला माहीत होतं. वर्ग सुटल्यावर त्या एकमेकींना विचारतात, मी ऐकते. पण उद्याच्या पाठात नेमकी असेल? असली तर बोलतील? मंगेश म्हणाला, ‘मावशी, चिल. तू तुझं काम केलं.’ तो असं म्हणाला खरा, पण सकाळी कंपनीच्या बसमधून दोनदा फोन केला.

सदाशिव पेठ, दुसरा दिवस

मला काचेमागच्या खोलीत बसवलं. तिथे एक तरुण मुलगी बटणांच्या पाटीसमोर होती. कोणत्या केंद्राचा फोन आला की तिथला दिवा लागायचा. तिनं बोटानं दाखवलं, ‘हा तुमचा.’ तो विझलेला होता.

अकरा वाजले. मोडक सर पाटावर चढले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘नमस्कार. बसा सगळ्यांनी.’ माझ्या डोळ्यांपुढे आमचा वर्ग आला. आज माझ्याशिवाय बसले असतील.

पाठ होता सीमेचा, म्हणजे गणितातल्या ‘लिमिट’चा. एखादी संख्या शून्याच्या जवळ, आणखी जवळ नेत राहायची, पण शून्य घ्यायचं नाही. आणि तिकडे उत्तर कुठे जातंय ते बघायचं. मला पूर्ण कळत नाही, पण सर कुठे थांबतात ते कळतं. ते थांबले.

‘कुणाला शंका?’

नांदेडकडचा एक दिवा लागला, कोकणातला एक लागला. सरांनी उत्तरं दिली. मग म्हणाले, ‘पळसटोला, तुमच्याकडे काही?’

आमच्या गावाचं नाव त्या गाद्या ठोकलेल्या खोलीत उच्चारलं गेलं. दिवा लागला नाही.

‘पळसटोला, लाजू नका. मी थांबतो.’

नाही. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. सरांनी खडू उचलला, पुढे जाणार असं वाटलं, आणि त्यांची नजर काचेतून माझ्याकडे आली. काचेमागून बोलायला तर येत नव्हतं. मी उठले आणि हातानं वाढल्यासारखं केलं, पळी भरून पानात घालतात तसं, वाढा, वाढा! बटणांवरची मुलगी माझ्याकडे बघून खो खो हसायला लागली.

सर पाटावरून खाली उतरले. कॅमेऱ्याजवळ आले. इतके जवळ मी त्यांना टीव्हीत कधी पाहिलं नव्हतं.

‘पळसटोला,’ ते म्हणाले, ‘एकतरी शंका घेतल्याशिवाय आज मी तुम्हाला उठू देणार नाही. आणि स्वतःही पुढे जाणार नाही. बोला.’

दिवा लागला.

आधी नुसती खरखर. मग कुणीतरी कुणाला ढकलल्याचा आवाज. मग, ‘सर, नमस्ते. मी वैशाली.’ वैशाली, जिनं आठवीपर्यंत माझ्याकडे खिचडीही कधी दुसऱ्यांदा मागितली नाही. ‘सर, तुम्ही म्हणून राहिले, शून्याच्या जवळ जायचं पण शून्यापाशी पोचायचं नाही. मग पोचलोच नाही तर उत्तर कसं मिळालं?’

सरांनी चष्मा काढून पुसला.

‘वैशाली, हे आजच्या पाठात नव्हतं,’ ते म्हणाले. ‘आता आहे.’ आणि त्यांनी अख्खा फळा पुसून टाकला. ‘तुमच्या गावात मोठं काय आहे?’

‘तलाव आहे सर.’

‘पलीकडच्या काठावर?’

‘मारुतीचं देऊळ.’

‘तू अलीकडून तलावाच्या पाळीनं, बांधावरून चालत निघालीस. प्रत्येक पावलाला देऊळ जवळ दिसतंय. ऐन शेवटी पाळ फुटलेली आहे, पाऊल टाकता येत नाही. तरी तू कुठे चालली होतीस ते तुला माहीत आहे ना?’

‘देवळाकडे.’

‘तेच उत्तर. पोचण्याची सक्ती नाही. कुठे जातोय ते पक्कं कळलं की पुरे.’

पलीकडे गलका झाला. कुणीतरी म्हणालं, ‘सर, माझी पण आहे,’ आणि मागून आणखी कुणी. नंदुरबारचा दिवा लागला, मेळघाटातला लागला. बटणांवरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हे दोन्ही दिवे आजवर कधीच लागले नव्हते.’ सर एकाला उत्तर देत होते तोवर दुसरे वाट बघत होते. शेवटी उपग्रहाची वेळ संपली आणि चित्र गेलं. मोडक सरांनी फोन हातात घेतला, टेबलाच्या कडेला बसले आणि पळसटोल्याला तसंच पुढे सांगत राहिले. तिकडे मेश्राम गुरुजी ऐकून फळ्यावर लिहीत असावेत, कारण सर मधूनच ओरडायचे, ‘नाही नाही गुरुजी, छेद खाली!’

निंबाळकर मॅडम माझ्याजवळ आल्या. ‘केंद्र राहील. बारावीपण.’ मी रडायला लागले तेव्हा त्यांना काय करावं सुचेना. म्हणाल्या, ‘अहो, रडताय काय? आमच्याही लक्षात यायला हवं होतं.’ पुण्यात ऐकलेलं सगळ्यात मऊ वाक्य हेच.

पळसटोला

कोणत्या गाडीनं येते एवढंच मी गुरुजींना फोन करून कळवलं, वर्गाचं काय झालं ते सांगायचं मुद्दाम टाळलं, आणि मॅडमनाही तशी विनंती केली होती. ही गोष्ट मला तोंडानं सांगायची होती. सगळ्या वाटेनं मी वाक्य जुळवत आले.

एसटी फाट्यावर थांबली तर वैशाली सायकल घेऊन उभी. माझी पिशवी तिनं हँडलला अडकवली. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, ‘बाई, माझी दुसरी शंका राहूनच गेली. चित्र गेलं, आणि फोन पोरांनी ओढून घेतला.’

‘कोणती शंका?’

‘सर म्हणाले, देवळाकडे चालत जायचं. पण पाळ दोन्हीकडून येते ना? या बाजूनं गेलो आणि देऊळ दिसलं, त्या बाजूनं गेलो आणि दुसरंच काही दिसलं, तर उत्तर कोणतं धरायचं?’

‘माझी आई! मला काय विचारतेस? मंगळवारी सरांना विचार.’

‘विचारीनच. पण ते एका पाठात सांगून व्हायचं नाही. बारावीत पण हेच आहे म्हणतात.’

ती सायकल ढकलत पुढे चालली होती, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत. मी मागून तिच्याकडे बघत होते. वर्ग राहिला की गेला, हे तिनं मला विचारलंच नाही.